साप्ताहिक बंद पडलं, पुस्तक येतच राहिलं: ब्रिटिश कॉमिक ॲन्युअलची गोष्ट

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून निघणारं ‘द डँडी’ हे साप्ताहिक कॉमिक ४ डिसेंबर २०१२ ला छापायचं थांबलं. त्या दिवशी त्याला ७५ वर्षं पूर्ण झाली होती. त्याचं वार्षिक पुस्तक, म्हणजे ‘डँडी ॲन्युअल’, मात्र त्यानंतरही नाताळाच्या आधी दुकानात येत राहिलं. असं घडलेलं हे एकच उदाहरण नाही. ‘कॉर!!’ हे कॉमिक १९७४ मध्ये दुसऱ्या कॉमिकात विलीन झालं, तरी त्याच्या नावाची ॲन्युअलं १९८०च्या दशकात निघतच होती. ‘बंटी’ हे मुलींचं साप्ताहिक २००१ मध्ये संपलं, पण ॲन्युअलने आणखी काही वर्षं तग धरला. दर आठवड्याला पैसे मोजणारं गिऱ्हाईक उरलं नाही, पण वर्षातून एकदा मोजणारं उरलं. ते का उरलं, याचं उत्तर ॲन्युअलची बांधणी, त्यावरचा सालाचा आकडा आणि आतल्या पानांची मांडणी यांत आहे.

आधी ॲन्युअल म्हणजे काय ते पाहू. साधारण ए-फोर कागदाएवढं, कडक पुठ्ठ्याचं पुस्तक. आत एखाद्या कॉमिकातली ओळखीची पात्रं, पण गोष्टी नव्या आणि त्या त्या जागीच संपणाऱ्या. ‘क्रमशः’ हा शब्द त्यात नसतो. अधेमधे कोडी, चक्रव्यूह, घरी करून बघायच्या वस्तू, एखाद-दुसरी गद्य कथा. पहिल्या पानाच्या आसपास एक चौकट: ‘हे पुस्तक … चं आहे’. मोकळ्या जागेत मुलाने आपलं नाव लिहायचं.

ही कल्पना कॉमिकांच्या खूप आधीची आहे. लंडनचे प्रकाशक रुडॉल्फ आकरमन यांनी १८२२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘फर्गेट मी नॉट’ नावाचं, पुढच्या वर्षाचं साल घातलेलं, कविता-कथा-चित्रांचं भेटपुस्तक काढलं. ते मोठ्यांसाठी होतं. काही वर्षांतच मुलांसाठीही तशी पुस्तकं आली. १८७९ मध्ये ‘बॉईज ओन पेपर’ हे मुलांचं साप्ताहिक सुरू झालं, तेव्हा वर्षभराचे अंक एकत्र बांधून त्यांना पुठ्ठा चढवला की ॲन्युअल तयार होत असे. आपल्याकडे मासिकांचे वर्षभराचे अंक बांधून घेत, तसंच. विसाव्या शतकात मात्र ॲन्युअलसाठी खास नवा मजकूर काढायची पद्धत पडली. आज आपण ज्याला कॉमिक ॲन्युअल म्हणतो ते हेच.

डंडीच्या डीसी थॉमसन कंपनीने ‘द डँडी’ १९३७ च्या डिसेंबरमध्ये आणि ‘द बीनो’ १९३८ च्या जुलैअखेर सुरू केलं. बीनोच्या पहिल्या अंकाला २८ पानं होती आणि किंमत दोन पेन्स. वर्तमानपत्री कागद, वाचून झाला की चूल पेटवायला किंवा चिप्स गुंडाळायला. १९३८ च्या नाताळाला ‘द डँडी मॉन्स्टर कॉमिक’ आलं, १९३९ ला ‘द बीनो बुक’. पात्रं तीच, चित्रकार बहुतेक तेच. फरक एकच होता: हे फेकून द्यायचं नव्हतं. रद्दीच्या लायकीची मानलेली गंमत आता पुस्तकाच्या कपाटात उभी राहिली. मुलाच्या दृष्टीने ही केवढी मोठी बढती होती, हे लक्षात घ्यायला हवं. शाळेतले मास्तर ज्या गोष्टी जप्त करत, त्याच गोष्टी आता आजीने कागदात बांधून, रिबन लावून दिल्या होत्या.

पुढच्या वर्षाचा आकडा

नव्याने ॲन्युअल घेणारा माणूस हमखास चुकतो तो इथे. ‘बीनो बुक १९७४’ हे १९७३ च्या शरदात विकायला आलं आणि १९७३ च्या नाताळात उघडलं गेलं. आतल्या बारीक अक्षरातल्या प्रकाशनहक्काच्या ओळीवर १९७३ असतं, मुखपृष्ठावर १९७४. कारण व्यापारी आहे. नाताळानंतर जानेवारीत दुकानदाराकडे प्रती उरल्या, तर त्या ‘गेल्या वर्षीच्या’ दिसू नयेत. कॅलेंडरसारखाच प्रकार. तरीही २५ डिसेंबर उलटला की भाव झपाट्याने खाली येतो, कारण ही वस्तू मुळात एका सकाळसाठी बनवलेली असते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेच पुस्तक अनेकदा निम्म्या किमतीत मिळतं.

१९७४ मध्ये जन्मलेल्या कुणाला ‘तुझ्या पहिल्या नाताळाचं ॲन्युअल’ भेट द्यायचं असेल, तर १९७५ छापलेलं घ्यायला हवं. १९७४ छापलेलं त्याच्या जन्माआधीचं निघेल.

याला एक मोठा अपवाद आहे, रूपर्ट. लाल स्वेटर आणि पिवळी चौकड्यांची पँट घालणारं हे अस्वलाचं पिल्लू. त्याची ॲन्युअलं संग्राहक प्रकाशनाच्या वर्षानेच ओळखतात. रूपर्टचं १९७३ म्हणजे खरोखर १९७३ मध्ये आलेलं. दोन्ही प्रकारांची यादी एकाच वहीत ठेवली आणि हा फरक नोंदवला नाही, की एक साल दोनदा विकत घेतलं जातं आणि शेजारचं राहून जातं.

बीनोच्या जुन्या पुस्तकांवर तर सालच नाही. मुखपृष्ठावर साल छापायची सुरुवात १९६६ च्या पुस्तकापासून झाली. त्याआधीची पुस्तकं मुखपृष्ठावरच्या चित्रावरून ओळखायची. युद्धकाळातली आणखी एक खूण म्हणजे नाव. कंपनीचं ‘मॅजिक’ हे तिसरं कॉमिक कागदटंचाईमुळे १९४१ मध्ये बंद पडलं, पण त्याचं नाव जोडून ‘मॅजिक-बीनो बुक’ १९४३ पासून १९५० पर्यंत निघत राहिलं. बंद पडलेल्या कॉमिकाला ॲन्युअलने आपल्या पाठीवर घ्यायची रीत इथेही दिसते.

पानं कशी बसवतात

जुनं ॲन्युअल चाळताना एक गोष्ट डोळ्यात भरते. समोरासमोरची दोन पानं रंगीत, पान उलटलं की पुढची दोन फक्त काळ्या आणि लाल शाईत, मग पुन्हा रंगीत. ही संपादकाची लहर नव्हती, छपाईचं गणित होतं.

पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. एका मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं, दुसऱ्या बाजूला आठ पानं छापतात. तो कागद तीनदा दुमडला की १६ पानांचा एक फर्मा होतो. दुमडल्यावर एका बाजूला येतात १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ ही पानं. दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७, १०, ११, १४ आणि १५. आता खर्च वाचवण्यासाठी कागदाची एकच बाजू पूर्ण रंगात छापली आणि दुसरी एक-दोन शायांत, तर काय होईल? २-३ ही समोरासमोरची जोडी साधी, ४-५ रंगीत, ६-७ साधी, ८-९ रंगीत. निम्म्या खर्चात सगळं पुस्तक रंगीत असल्याचा भास. ए-फोर कागद तीनदा दुमडून, कडा न कापता त्यावर आकडे घालून बघा. मग उलगडा. पाच मिनिटांत पटेल.

पानांची संख्या १६ च्या पटीत का असते, हेही इथेच कळतं. १२८ पानं म्हणजे आठ फर्मे, ११२ म्हणजे सात. संपादकाला आधी हा आकडा मिळतो आणि मग तो पानं वाटतो. कुठल्या पात्राला रंगीत जोडी द्यायची, कुणाला एक पान, उरलेल्या अर्ध्या पानात कोणतं कोडं. कथा एक, दोन किंवा चार पानांत संपवायची सक्ती असते. त्यामुळे ॲन्युअल कुठूनही उघडता येतं आणि कुठेही मिटता येतं. एका बैठकीत संपवायची कादंबरी वाचून झाली की संपते. ॲन्युअलमध्ये परत शिरायला शेकडो दारं असतात, म्हणून ते वर्षभर पुरतं.

आता त्या सकाळचा विचार करा. २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये दुकानं बंद, आगगाड्या बंद. जेवण दुपारी उशिरा. खेळण्याचे सेल विसरलेले असतात किंवा संपलेले असतात. अशा वेळी हातात असलेलं, कुणाच्या मदतीशिवाय चालणारं आणि भावंडांत फिरवता येणारं पुस्तक किती कामाचं, हे वेगळं सांगायला नको.

रूपर्टचं पान

मुलांसाठी पान कसं रचावं याचा धडा घ्यायचा तर तो रूपर्टकडून घ्यावा. माझ्या मते या सगळ्या प्रकारात इतकं विचारपूर्वक केलेलं दुसरं काही नाही.

रूपर्ट ८ नोव्हेंबर १९२० ला ‘डेली एक्सप्रेस’ या वर्तमानपत्रात आला. चित्रकार होत्या मेरी टूर्टेल. त्यांची दृष्टी अधू झाल्यावर १९३५ मध्ये काम आल्फ्रेड बेस्टल यांच्याकडे आलं. बेस्टल यांचा जन्म ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. १९३६ पासून ॲन्युअल सुरू झालं आणि बेस्टल यांनी तीन दशकं रूपर्टच्या कथा लिहिल्या, चित्रं काढली. कथांमागचे डोंगर आणि ओढे बरेचसे वेल्सचे आहेत.

पानाची रचना अशी. सर्वात वर एक शीर्षओळ: या पानावर रूपर्ट काय करतो, एका वाक्यात. त्याखाली चार चित्रं. प्रत्येक चित्राखाली यमक जुळणाऱ्या दोन ओळी. आणि तळाशी तोच प्रसंग सविस्तर गद्यात. फुगे नाहीत, म्हणजे पात्रांच्या तोंडून निघणारे शब्द चित्रात नाहीत. एकच गोष्ट चार थरांत सांगितलेली. तीन वर्षांचं मूल फक्त चित्रं बघतं. पाच वर्षांच्या मुलाला आई दोन ओळी वाचून दाखवते, ती चारदा ऐकून ते त्या पाठ म्हणतं. सात-आठ वर्षांचं मूल गद्य स्वतः वाचतं. झोपायची वेळ झालेली असेल तर बाबा नुसत्या शीर्षओळी वाचून गोष्ट दोन मिनिटांत संपवू शकतात. तेच पुस्तक चार-पाच वर्षं एका मुलाबरोबर वाढतं आणि मग धाकट्याकडे जातं. घरात पुस्तक टिकण्याचं याहून साधं आणि पक्कं कारण मला दुसरं दिसत नाही.

रूपर्टमध्ये हाताला काम देणाऱ्या दोन गोष्टी असत. एक म्हणजे कागदाच्या घड्या. बेस्टल यांना ओरिगामीचं वेड होतं, पुढे ते ब्रिटिश ओरिगामी सोसायटीचे अध्यक्षही झाले. कथेत रूपर्ट घडी घालून जी वस्तू बनवतो, तिची कृती पुढच्या पानांवर आकृत्यांसह मिळे. दुसरी म्हणजे जादूचं रंगचित्र. रेषाचित्रात रंगाचे बारीक ठिपके छापलेले असत. ओल्या कुंचल्याने पुसलं की पाण्यात विरघळणारी ती शाई पसरे आणि आकाश निळं, गवत हिरवं होई. हे एकदाच करता येई. त्यामुळे ते पान कोरं राहिलेली प्रत आज दुर्मीळ आणि महाग असते. विक्रेता ‘पान न रंगवलेलं’ म्हणाला, तर पान तिरप्या उजेडात धरून बघावं. पाणी लागलेला कागद कोरडा झाला तरी थोडा वळसेदार राहतो आणि ठिपक्यांच्या कडा फुटलेल्या दिसतात.

१९७३ च्या अंकाची गोष्ट सगळ्या संग्राहकांना माहीत असते. वर्तमानपत्रात पांढऱ्या चेहऱ्याचा असलेला रूपर्ट मुखपृष्ठावर कायम तपकिरी असे. त्या वर्षी बेस्टल यांनी तपकिरीच काढला होता. छपाईच्या वेळी, त्यांना न विचारता, चेहरा पांढरा केला गेला. ते दुखावले आणि तेच त्यांचं शेवटचं मुखपृष्ठ ठरलं. तपकिरी चेहऱ्याच्या अगदी मोजक्या प्रती त्याआधी छापून झाल्या होत्या. ॲन्युअलांच्या बाजारात त्यांच्याइतकं मोल फारच थोड्या प्रतींना आहे.

कागदाचा तुटवडा आणि इतर घराणी

युद्धाने ॲन्युअलांना कसं वाकवलं तेही पाहण्यासारखं आहे. १९४१ पासून १९४९ पर्यंत डँडी आणि बीनो एकाआड एक आठवड्याला निघत. रूपर्टचा कडक पुठ्ठा १९४२ मध्ये गेला आणि कागदी वेष्टन आलं, ते १९४९ पर्यंत. १९५० ला पुठ्ठा परतला. ही कागदी वेष्टनाची पुस्तकं लवकर फाटत, म्हणून त्यांतली चांगल्या स्थितीतली प्रत शोधणं त्याआधीच्या पुठ्ठ्याच्या प्रतींपेक्षाही कधी कधी कठीण जातं.

‘द ब्रून्स’ आणि ‘ऊर वुली’ या स्कॉट बोलीतल्या दोन मालिका ‘संडे पोस्ट’ या वर्तमानपत्रात ८ मार्च १९३६ ला एकत्रच सुरू झाल्या. दोन्हींचे चित्रकार डडली वॉटकिन्स. त्यांची पुस्तकं कित्येक दशकं आलटून पालटून निघत: एका नाताळाला ब्रून्स कुटुंब, पुढच्या नाताळाला उलट्या बादलीवर बसलेला वुली. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे त्याच पुस्तकावर टपलेले. डीसी थॉमसनच्या चित्रकारांना तेव्हा चित्राखाली सही करू देत नसत. वॉटकिन्स यांना ती मुभा १९४६ मध्ये मिळाली. त्यामुळे त्या काळातली कोणती पानं कोणाची, हे रेषेच्या वळणावरून ओळखणं ही स्वतंत्र विद्याच आहे.

‘ईगल’ हे कॉमिक १९५० चं. त्याच्या ॲन्युअलमध्ये आगगाड्या, जहाजं, विमानं आडवी चिरून आतले भाग दाखवणारी चित्रं असत. मँचेस्टरच्या वर्ल्ड डिस्ट्रिब्युटर्सने टीव्ही मालिकांची ॲन्युअलं काढली, त्यांतलं ‘डॉक्टर हू’चं १९६५ पासूनचं.

मराठी वाचकाला हा सगळा व्यवहार ओळखीचा वाटेल. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक त्यांच्या डोळ्यांसमोर होते, असं मानलं जातं. सणाला नवं कापड तसं नवं वाचन, घरात एक प्रत आणि तिच्यासाठी रांग, हे दोन्हीकडे सारखं. पण मुलांच्या दिवाळी अंकाला आपण मऊ वेष्टन दिलं आणि वर्षाअखेर तो रद्दीत गेला. पुठ्ठा मिळाला असता तर आपल्या घरांतही जुन्या ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’चे दिवाळी अंक आज कपाटात उभे दिसले असते, असं राहून राहून वाटतं.

जुनी प्रत घेताना आणि सांभाळताना

पुस्तक आधी कण्याकडून बघा. पुठ्ठा उघडला की आतल्या सांध्याला भेग दिसते का? पानांचा गठ्ठा पुठ्ठ्यापासून सुटून लोंबतो का? बऱ्याच ॲन्युअलांचे फर्मे शिवलेले नसून कडेने आरपार तारेच्या पिना मारलेल्या असतात. असं पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही. जोर लावला की पिनेपाशी कागद फाटतो. पिना गंजल्या असतील तर त्यांच्याभोवती तपकिरी वलय दिसतं.

मग पानं मोजा. ११२ किंवा १२८ चा हिशोब लागत नसेल, तर मधलं पान गेलेलं असू शकतं, बहुधा कापून खेळायचं काहीतरी असलेलं. कोडी पेनने सोडवली आहेत का, ते बघा. आतल्या पानाचा एक कोपरा तिरका कापलेला दिसेल, तो वाईट वापराचा पुरावा नाही. तिथे किंमत छापलेली असे आणि भेट देताना ती कापून टाकत. संग्राहक यासाठी पैसे कमी करतात. जुन्या, पहिल्या काही ॲन्युअलांच्या हुबेहूब पुनर्मुद्रित प्रतीही बाजारात आहेत. वाचायला उत्तम, पण मूळ म्हणून विकल्या जात असतील तर कागद बघा. ८० वर्षांपूर्वीचा मूळ कागद कडेने पिवळा-तपकिरी झालेलाच असतो, पुनर्मुद्रणाचा पांढरा आणि गुळगुळीत असतो.

तो पिवळेपणा येतो लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे. उजेड आणि हवा लागली की लिग्निन रंग बदलतं, आम्लं तयार होतात आणि कागद ठिसूळ होतो. थांबवता येत नाही, पण संथ करता येतं. उन्हापासून दूर, शक्यतो २० अंशांच्या आसपास आणि ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावं. मुंबई-कोकण-गोव्यात पावसाळ्यात ही आर्द्रता घरात मिळणं अवघड, म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळावं, पुस्तकांमागे दोन बोटं जागा सोडावी आणि सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. पीव्हीसीचं पारदर्शक कव्हर घालू नये, ते कालांतराने चिकट होऊन मुखपृष्ठाची शाई ओढून घेतं. पॉलिएस्टरचं चालतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीच नको. पट्टी गळून पडते, पिवळा डाग कायमचा राहतो.

कसर लागल्याची शंका आली, तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर गार कागदावर दव धरतं आणि किड्याऐवजी बुरशी पाळली जाते. बुरशी दिसलीच तर पुस्तक आधी इतरांपासून वेगळं काढावं, सावलीत वाऱ्यावर कोरडं करावं आणि मग तोंडाला मास्क लावून मऊ कुंचल्याने, घराबाहेर, झाडावं.

आणि ‘हे पुस्तक … चं आहे’ या चौकटीत शाईने लिहिलेलं नाव खोडायचा प्रयत्न करू नये. खोडरबराने कागदाचा वरचा थर निघतो, ब्लीचने चौकटीसकट पान जळतं. नाव असलेली प्रत कोऱ्या चौकटीच्या प्रतीपेक्षा स्वस्त मिळते. वाचायला घेणाऱ्याने तीच घ्यावी. पेन्सिलीतली मोठी, वाकडी अक्षरं, खाली ‘नाताळ १९५८’ आणि देणाऱ्या मावशीचं नाव असेल, तर त्या चौकटीचा जो उपयोग होता तो त्या प्रतीत झालेला असतो.